तारा बदलायला ड्रिल: सोय की घिसाडघाई?

जवारी:
गिटारच्या तारा ड्रिलने बदलते असं म्हटलं की चार जण लगेच नाक मुरडतात. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा. साधा हिशोब बघा. पेगच्या (तार ताणायच्या खुंटीच्या) आतला गिअर १४:१ चा असेल, तर बटण १४ वेळा फिरवल्यावर पोस्ट (तार गुंडाळली जाते तो दांडा) एकदा फिरतो. तारेचे तीन वेढे म्हणजे ४२ फेरे, सहा तारांचे २५२. जुन्या तारा उतरवायला पुन्हा तेवढेच. गिअर १८:१ चा असेल तर आणखी वाढवा. एवढं सगळं चिमटीत पिळत बसण्यात कसली साधना? ड्रिलला बसणारा वाइंडरचा (पेगचं बटण फिरवायच्या साधनाचा) बिट मिळतो. वेग मंद, क्लच (ठरावीक जोर आला की ड्रिल सोडवणारी सोय) सगळ्यात हलका म्हणजे १ वर, काम फत्ते.

खर्ज:
नाक मुरडणाऱ्यांत मला धरा. तुमचा क्लचवरचा भरवसाच चुकीचा आहे. ०.०१० इंची पातळ E तार सुरात असते तेव्हा तिच्यावर साधारण ७ किलोचा ताण असतो, पण गिअरमुळे बटणाला लागणारा जोर अगदी किरकोळ. दोन बोटांनी सहज फिरतं ते. ड्रिलचा क्लच बनवलाय स्क्रूसाठी. तो १ वर ठेवला तरी एवढ्याशा जोराला सुटत नाही. तो कटकट करायच्या आधी तार तुटलेली असते. तार जड होत चालली की बोटांना कळतं, ड्रिलला नाही.

जवारी:
ताण येईपर्यंत ड्रिल चालवा असं म्हणतंय कोण? ढील संपत आली की थांबायचं, पुढचं हाताने. ट्रिगरवर बोट आपलंच असतं ना?

खर्ज:
असतं, पण दुसरा हात कुठे असतो ते सांगा. त्या हाताने तार धरून हलका ताण ठेवायचा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याखाली उतरवायचा. आणि त्याच वेळी किलोभर वजनाचा ड्रिल हेडस्टॉकजवळ (पेग असतात त्या टोकाशी) तोलायचा. बिट घसरला तर लॅकरचा टवका गेलाच.
दुसरं म्हणजे, ड्रिलची गरज मुळात जास्त ढील सोडल्यामुळे पडते. पोस्टचा व्यास साधारण ६ मिमी, म्हणजे एका वेढ्याला जेमतेम २ सेंमी तार. तीन वेढ्यांना ६ सेंमी पुरे. लोक वीतभर सोडतात, मग नऊ-दहा वेढे एकमेकांवर चढतात आणि ते बसेपर्यंत सूर उतरत राहतो. मग दोष तारेला!

चिकारी:
वेळेचंच बोलायचं तर ४०० आरपीएमला ४२ फेरे सहा सेकंदांत होतात. हाताच्या वाइंडरला पंचवीसेक सेकंद लागतात. सहा तारांमागे वाचली किती? दोन मिनिटं. खरा वेळ जातो ब्रिज पिन (तारेचं खालचं टोक धरणाऱ्या खुंट्या) उपसण्यात, नव्या तारेच्या टोकाचा मणी पिनखाली घट्ट टेकवण्यात (नाहीतर ताण आला की पिन उडते), आणि तार ओढून ओढून पुन्हा सूर लावण्यात. यातलं काहीच ड्रिल करत नाही. हाताच्या वाइंडरला निदान पिन उपसायची खाच तरी असते.

बारातारी:
सगळे सहा तारांचंच बोलताहेत. माझी गिटार १२ तारांची आहे आणि अंगठ्याचा सांधा दुखतो. ५०४ फेरे, तेही फक्त चढवायचे. मला दोन मिनिटं वाचवायची नाहीत, मनगट वाचवायचं आहे. 'बोटांना कळतं' हे ज्यांची बोटं धड आहेत त्यांनी म्हणावं.

खर्ज:
तुमची गोष्ट वेगळी, तिथे माझा विरोध नाही. फक्त ड्रिलऐवजी वाइंडिंगसाठीच बनवलेलं, बॅटरीवरचं हलकं यंत्र घ्या. हातात जड होत नाही.

तरफ:
लॉकिंग पेग (तार आवळून धरणारे) बसवा, भांडण मिटवा. तार भोकातून ओढायची, आवळायची, एक फेरा पुरा व्हायच्या आत सुरात. वेढेच नाहीत तर ड्रिल कशाला?

चिकारी:
बसवण्याआधी हेडस्टॉकवरच्या भोकाचं माप घ्या म्हणजे झालं. आणि नायलॉन तारावाल्यांना त्याचा उपयोग शून्य. तिथे तार रोलरवर गाठ मारून बांधतात आणि पुढचे काही दिवस ती लांबतच राहते.

जवारी:
खर्ज, निदान तारा उतरवायला तरी ड्रिल मान्य कराल? तिथे तुटायचं भय नाही, वेढे जपायचे नाहीत.

खर्ज:
उतरवायला चालेल. तेही आधी हाताने सैल करून, आणि पूर्ण सैल झाल्याशिवाय कटर लावायचा नाही. ताणलेली तार कापली की टोक थेट डोळ्याकडे येऊ शकतं. आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर (धक्के देत जोरात फिरवणारं यंत्र) कृपा करून कपाटातच असू द्या.

जवारी:
इम्पॅक्ट ड्रायव्हर कोण लावतंय इथे! उतरवायचं मान्य झालं ना, चढवायचं मी माझं बघते. ६ सेंमी ढील मात्र मोजून ठेवणार आता.