मदत हवी आहे: शनिवार-रविवारात संभाजीनगर, सोबत आई आणि ८ वर्षांचा मुलगा

चकलीचा_साचा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला मित्राकडे जातोय. शुक्रवारी रात्री ११ च्या सुमारास पोचू, परतीची बस रविवारी रात्री १०:३० ची. मित्राचं घर सिडकोत आहे. त्याची गाडी मिळेल, पण त्यांच्याकडे तीन महिन्यांचं बाळ आहे, त्यामुळे तो आणि वहिनी दिवसभर आमच्यासोबत फिरू शकणार नाहीत. संध्याकाळचं जेवण मात्र दोन्ही दिवस त्यांच्यासोबतच करायचं आहे, खरं तर त्यासाठीच जातोय.

आम्ही चौघं: मी, बायको, आई (वय ६७, सपाटीवर चालते पण पायऱ्या उतरताना गुडघा दुखतो) आणि मुलगा.

डोक्यात आहे ते असं:
शनिवार – सकाळी अजिंठा, येताना वेरूळ
रविवार – दौलताबाद, खुलदाबाद, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, पाणचक्की

जमेल का? काही गाळायचं तर काय गाळू?

---

नहर_ए_अंबरी

शनिवारचा बेत नाही जमणार. "येताना वेरूळ" इथेच गडबड आहे, कारण वेरूळ अजिंठ्याच्या वाटेवर नाही. अजिंठा शहराच्या ईशान्येला साधारण १०० किमी, जळगाव रस्त्याने. वेरूळ वायव्येला ३० किमी. नकाशावर इंग्रजी व्ही काढा, खालचं टोक म्हणजे शहर. दोन्ही एका दिवसात दाखवणारे टूरवाले कैलासापुढे पाऊण तास देतात आणि डिसेंबरात सव्वासहानंतर उजेडही नसतो.

वारांचं एक गणित आधी लक्षात घ्या. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शनिवार-रविवारी दोन्ही उघडी असतात, तुम्हाला अडचण नाही. सुट्टी वाढवून सोमवार धरणाऱ्यांनी अजिंठा शेवटी ठेवू नये. दर वर्षी कुणी ना कुणी सोमवारी फर्दापूरला जाऊन बंद फाटक बघून येतं.

माझा सल्ला: शनिवारी वेरूळ आणि वाटेवरचं एखादं ठिकाण. रविवारी अजिंठा किंवा शहर, यांपैकी एकच.

शनिवार. सकाळी ६:३० ला निघा. नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाट्यावरून दौलताबाद, पुढे घाट चढून खुलदाबाद आणि खाली वेरूळ. लवकर निघायचं कारण लेणी नाहीत, रस्ता आहे. दौलताबादला हा रस्ता किल्ल्याच्या जुन्या तटातल्या दिल्ली दरवाजातून जातो आणि त्या कमानीतून एका वेळी एकच मोठी गाडी निघते. शनिवार-रविवारी दहानंतर तिथे दोन्ही बाजूंनी रांग लागते. परत येताना ती रांग दिसली तर वेरूळहून कसाबखेडा फाटा-माळीवाडा असे या. थोडं लांब पडतं, पण गाडी चालती राहते.

वेरूळला एकूण ३४ लेणी: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायच्या फंदात पडू नका. तुमच्यासाठी चारच, या क्रमाने:

१० क्रमांक (विश्वकर्मा, गावातले "सुतार झोपडी" म्हणतात). छताकडे बघा. लाकडी छपराला असतात तशा कमानदार फासळ्या दगडात कोरल्या आहेत. दगडाला त्यांची काही गरज नाही, वजन त्या पेलतच नाहीत. आधीच्या लाकडी बांधकामाची सवय हाताला होती, ती दगडात उतरली. मुलाला आत हळू आवाजात एक सूर लावायला सांगा, घुमतो.

१२ क्रमांक (तीन ताल). आईंनी खालच्या मजल्यावर थांबावं, जिने उंच आहेत. तुम्ही दोघांपैकी एकजण मुलाला घेऊन वर जा. सर्वांत वरच्या मजल्यावर बुद्धांच्या बसलेल्या मूर्तींच्या रांगा आहेत.

१६ क्रमांक, कैलास. याला निदान दीड तास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, ८ वं शतक. वरून खाली खोदत आणलंय, त्यामुळे चुकलं तर दुरुस्तीला जागा नव्हती. आईंसाठी हे सर्वांत सोयीचं: अंगण सपाट आहे, प्रदक्षिणेच्या ओवऱ्या सावलीत आहेत. मुख्य मंदिराचा जिना चढला नाही तरी निम्म्याहून जास्त बघून होतं. जोत्याचे हत्ती, दक्षिणेकडे कैलास हलवणारा रावण आणि रामायण-महाभारताचे कोरीव पट हे सगळं अंगणातूनच दिसतं. लेणी पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून फोटोसाठी दुपारनंतरचा उजेड चांगला. गर्दी टाळायची असेल तर सकाळ. सोबत आई आहेत, सकाळच घ्या.

३२ क्रमांक (इंद्रसभा). कैलासापासून दीड-दोन किमी आहे, चालत जाऊ नका. आवारात बस मिळते. वरच्या मजल्याच्या छतावरचं कमळ आवर्जून बघा.

१५ क्रमांक (दशावतार) मुद्दाम गाळलंय. आत सुंदर आहे, पण पायऱ्या उंच आहेत, त्या गुडघ्याला नकोत.

---

पेरू_दौलताबादी

वरच्याशी बहुतेक सहमत. थोडी भर घालतो.

घृष्णेश्वर लेण्यांपासून एखादा किमी. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं, मोबाइल आणि कॅमेरा आत चालत नाही. डिसेंबरात सकाळी गारठा असतो, मुलाला सहज काढता येईल असा शर्ट घाला, अंगावर तीन थर नकोत. दुपारी १२ च्या आसपास रांग साधारण कमी असते.

खुलदाबादला भद्रा मारुती आहे आणि तुम्ही शनिवारी जाताय. शनिवारी तिथे गर्दी असतेच (श्रावणातल्या शनिवारी तर लोक शहरातून रात्रभर चालत येतात). झोपलेल्या मारुतीचं दर्शन घ्यायचंच असेल तर वेरूळला जाताना सकाळी सातलाच उरकून घ्या. येताना धराल तर दुपार तिथेच जाईल. औरंगजेबाची कबर त्याच गावात आहे, उघड्यावर, अगदी साधी. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची, लॉर्ड कर्झनच्या वेळची.

देवगिरीबद्दल (म्हणजे दौलताबादचा किल्ला): आईंना वर नेऊच नका. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या, त्यातही अंधारी नावाचा बोगद्यासारखा वळणाचा भाग, जिथे वटवाघळांचा वास आणि पायाखाली ओल. वर-खाली तीन तास धरा. पण खालचा अर्धा किल्ला जवळजवळ सपाट आहे: हत्ती हौद, भारतमाता मंदिर, चांद मिनार, चिनी महालापर्यंत. एका तासात होतं आणि मुलाला मेंढा तोफ दाखवता येते (मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे). ३ ते ४ तिथे, साडेचारला निघून घरी. पेरूचा हंगाम आहे, घाटाच्या पायथ्याशी टोपल्या लागलेल्या असतात, मित्राकडे न्यायला मिठाईच्या डब्यापेक्षा ते बरे.

---

चकलीचा_साचा

दोघांचेही आभार. दिल्ली दरवाजाचं कुठल्याच ब्लॉगवर नव्हतं. आता रविवारचा प्रश्न. आईला अजिंठ्याची फार इच्छा आहे, शाळेच्या पुस्तकात पद्मपाणीचं (हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं) चित्र होतं म्हणे. तिथे गुडघ्याचं काय?

---

नहर_ए_अंबरी

मग अजिंठाच. इच्छा असलेल्या माणसाला शहरात मकबरा दाखवून समाधान होत नाही.

घरातून पहाटे ६ ला निघा. हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव, मग घाट उतरून फर्दापूरच्या अलीकडे लेण्यांचा टी पॉइंट. अडीच तास धरा, सिल्लोडमध्ये वेळ मोडतो. अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी वेगळी. गाव घाटाच्या वर आहे, लेणी खाली, मधे दहा-बारा किमी. एसटीने जाणारे हमखास गावात उतरतात. कंडक्टरला "लेणी, टी पॉइंट" असंच सांगायचं.

खासगी गाडी टी पॉइंटलाच ठेवावी लागते. तिथून दुकानांच्या गल्लीतून चालत जाऊन बस, ४ किमी. धुराने चित्रं खराब होऊ नयेत म्हणून ही व्यवस्था. गल्लीत कुणी "भेट म्हणून घ्या" म्हणत हातात चकाकता दगड ठेवेल आणि नाव विचारेल. परत येताना तो तुम्हाला नावाने हाक मारतो आणि मग दुकानात जावंच लागतं. दगड घेऊ नका, हसून पुढे व्हा.

लेणी ९ ला उघडतात. तिकीट खिडकीपासून १ क्रमांकापर्यंतचा चढ हाच सगळ्यांत त्रासाचा. खाली डोलीवाले असतात, खुर्ची आणि चार माणसं. आधी भाव ठरवा, आणि "जाऊन-येऊन, वरती थांबण्यासकट" असं स्पष्ट बोला. नुसतं "किती?" विचारलं तर ते फक्त जाण्याचं सांगतात आणि उतरताना पुन्हा घासाघीस होते. आईंना त्रास उतरतानाच आहे, म्हणून हे महत्त्वाचं. वरचा मार्ग नालाच्या आकाराच्या कड्याला धरून बऱ्यापैकी सपाट आहे, मधे मधे पायऱ्या.

क्रम: गर्दी १ आणि २ मध्ये साचते, कारण ती पहिली लागतात. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठराविकच माणसं सोडतात. नऊच्या ठोक्याला पोचलात तर आधी १. साडेनऊ झाले असतील तर सरळ १६-१७ ला जा, पुढे २६, आणि परतताना १ व २.

१ मध्ये गाभाऱ्याकडे तोंड केलं की डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी. आत शिरल्यावर लगेच काही दिसत नाही, उन्हातून आलेल्या डोळ्यांना तीन-चार मिनिटं लागतात. लोक तेवढ्यात "पुसट आहे" म्हणून बाहेर पडतात. भिंतीकडे पाठ करून अंधारात उभं राहा आणि मग वळा. मुलाला याच लेण्यात एका खांबावर चार हरणं शोधायला सांगा: धडं चार, डोकं एकच, आणि कुठल्याही धडाला ते बरोबर बसतं. त्याची दहा मिनिटं तिथे जातात, तेवढ्यात आईंचं पद्मपाणी शांतपणे बघून होतं.

२ चं छत, १७ च्या जातककथा, ९ आणि १० सर्वांत जुनी. २६ मध्ये डाव्या भिंतीला बुद्धांचं महापरिनिर्वाण (देहत्याग), सुमारे ७ मीटर लांबीची पहुडलेली मूर्ती. दीड वाजेपर्यंत खाली उतरलात तर पाचला घरी.

---

बाभूळबन

फ्लॅश पूर्ण बंद आहे, कॅमेऱ्याचाही आणि मोबाइलचाही. मोबाइलचा "ऑटो" फ्लॅश बाहेरच काढून ठेवा, आत पहारेकरी ओरडतो तो बहुतेक वेळा विसरलेल्या ऑटोमुळे.

मातीच्या गिलाव्यात भाताचा तूस आणि झाडांचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग, असं ते काम आहे. दमट श्वास आणि घाम त्याला सोसत नाही, म्हणून माणसं मोजून सोडतात. रांगेत चिडचिड होते तेव्हा मुलाला हे सांगा.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात, अजिंठ्यालाही आणि देवगिरीलाही. अत्तर, सेंट लावून जाऊ नका, मुलाला दगड मारू देऊ नका. माकडांसमोर पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढू नका.

---

विदर्भ_एक्सप्रेस

धाग्यात मधेच घुसतोय. नागपूरहून समृद्धी महामार्गाने येणार, कुठे उतरायचं?

---

पेरू_दौलताबादी

थेट वेरूळ, दौलताबाद करणार असाल तर माळीवाडा. शहरात किंवा अजिंठ्याकडे जाणार असाल तर सावंगी, तिथून जळगाव रस्ता लागतो.

---

खडीसाखर_२२

एक वेगळं मत. रविवारी पाच तास गाडीत, रात्री पुन्हा पाच-सहा तास बसमध्ये, आणि मित्राच्या वाट्याला फक्त दोन जेवणं. आईंची इच्छा नसती तर रविवार शहरात घालवा म्हटलं असतं. सकाळी मकबऱ्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी (३ मध्ये गुडघे टेकलेल्या भक्तांची रांग, ७ मध्ये नर्तकी आणि वादक, चढ मात्र आहे), मग मकबरा, मग पाणचक्की. मित्राला बाळ घेऊन मकबऱ्याच्या बागेत येता येतं, अजिंठ्याला येत नाही.

अजिंठा ठरलाच असेल तर शनिवारी दौलताबाद गाळा आणि ४ वाजता मित्राच्या कुटुंबासह मकबरा. त्याला "नकली ताज" म्हणून नाक मुरडू नका. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर, खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी, बाकीचा गिलावा. जवळून बघितलं की दगड कुठे संपतो आणि चुना कुठे सुरू होतो ते बोटाने दाखवता येतं. कलत्या उन्हात गिलाव्याला रंग चढतो, दुपारी बाराला तो फिकट दिसतो.

मांसाहार चालत असेल तर नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) शहागंज-बुढ्ढीलेन भागातून घरी आणा. नान आधी संपतात, म्हणून आठच्या आत.

---

चकलीचा_साचा

ठरलं: शनिवार सकाळ भद्रा मारुती, वेरूळ, घृष्णेश्वर, ४ वाजता सगळे मिळून मकबरा. रविवार अजिंठा. दौलताबाद जाता-येता गाडीतून. मित्राला फोन केला, तो बाळाला घेऊन येतोय. शेवटचा प्रश्न: तिकिटं आधी काढू की तिथे?

---

नहर_ए_अंबरी

ऑनलाइन काढा, अजिंठा आणि वेरूळ प्रत्येकी ४० रुपये, त्यातही ऑनलाइनला थोडी सूट असते. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, फक्त तिघांचं काढा. आवारातली बस आणि टी पॉइंटचं शुल्क वेगळं, त्याला सुटे पैसे ठेवा. तिकिटाचा क्यूआर कोड घरूनच स्क्रीनशॉट करून घ्या, घाटात रेंज जाते.

आणि आईंना नाडीचे बूट नकोत. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात, चार लेणी म्हणजे चार वेळा वाकणं. पट्ट्याची चप्पल आणि जाड मोजे. डिसेंबरात सकाळी तो दगड बर्फासारखा असतो.