नवी इंडी गाणी आणि छोटे लाइव्ह शो आधी कळायचे कसे? (शो पुण्यात, मी साताऱ्यात)

कॅसेटवाला_सातारा:

नमस्कार मंडळी. वय ५४, सहकारी बँकेत कॅशियर, मुक्काम पोस्ट सातारा. प्रश्न साधा आहे, पण सरळ उत्तर कुणी देत नाही म्हणून इथे टाकतोय.

२०१० साली पुण्यात एनएच७ वीकेंडर हे गाण्याचं फेस्टिव्हल पहिल्यांदा झालं तेव्हा भाचा अकरावीत होता. बहिणीनं मला सोबत धाडलं, 'पोरगं काही भलतंसलतं करत नाही ना, बघ' म्हणून. पोरगं आता कॅनडात आहे आणि त्याला गाण्याचं काही पडलेलं नाही. नाद लागला तो मला. तोवर माझ्या कपाटात दीडेकशे कॅसेट, त्यातली निम्मी नाट्यगीतं. सिनेमात नसलेली, कुठल्या कंपनीनं न काढलेली गाणी पोरं स्वतः लिहितात, पदरच्या पैशानं रेकॉर्ड करतात आणि समोर उभं राहून वाजवतात, हे तिथं पहिल्यांदा पाहिलं.

अडचण अशी की शो झाल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळतं. फोटो दिसतात, खाली 'काय रात्र होती!' लिहिलेलं असतं आणि मी आपला डबा उघडून बसलेलो असतो. गेल्या महिन्यात एक आधी कळला. तिकीट ७९९, वर ॲपवाल्यांची 'सुविधा फी', कसली सुविधा देव जाणे. वेळ आठची. पहिली तार वाजली पावणेदहाला. तीन गाणी ऐकली आणि शेवटच्या गाडीसाठी स्वारगेटकडे पळत सुटलो. चौथं गाणं रिक्षातून ऐकू येत होतं, तेच सगळ्यात चांगलं होतं.

तर शो आधी कळायला काय करावं? नवीन काय निघालंय ते तुम्ही कुठून शोधता? आणि मराठीत कुणी काही करतंय का? हिंदी-इंग्रजी ऐकतोच, पण मराठी असलं तर जास्त बरं.

पार्ल्याची:

काका, तुमच्याकडे निदान एसटी आहे, आमच्याकडे शेवटची लोकल. दुःख एकच.

मुंबईचं म्हणाल तर माझे बाबा अजून रंगभवनच्या गोष्टी सांगतात. धोबी तलावाजवळ, वर आकाश. तिथं १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हे रॉक बँडचं फेस्टिव्हल व्हायचं. पुढं तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि गाणं थांबलं. माझ्या पिढीचं तसं ठिकाण म्हणजे लोअर परळच्या तोडी मिलमधला ब्लू फ्रॉग हा लाइव्ह गाण्याचा क्लब. २००७ ला उघडलं, २०१६ ला बंद. आता मोठ्यातलं मोठं म्हणजे महालक्ष्मी रेसकोर्सवरचं लोलापालूझा फेस्टिव्हल, २०२३ पासून दर जानेवारी-मार्चच्या सुमारास. तिकीट महाग आहे, पण घेतलंच तर दुपारीच जा. आपले भारतीय बँड बरेचदा उन्हात वाजवतात. तेव्हा गर्दी नसते, पुढच्या कठड्याला टेकून ऐकता येतं. रात्रीच्या परदेशी पाहुण्याच्या वेळी तुम्हाला त्याच्याऐवजी पुढच्याचा मोबाइल दिसतो.

मराठीत 'स्वदेसी' ऐका. मुंबईची रॅपर मंडळी, मराठी, हिंदी, गुजराती सगळ्यात बोलतात. आरे जंगलावरचं त्यांचं गाणं वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्याबरोबर आहे. त्यांच्यातलाच १०० आरबीएच अमरावतीचा. त्याची वऱ्हाडी कानाला पहिल्यांदा टोचते, मग सुटत नाही.

लाइनचेक:

काका, मी साउंडवाला. तेरा वर्षं पुण्यातल्या छोट्या जागांवर मिक्सरमागे बसतोय. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर कुणी देत नाही कारण ते थोडं येडपट वाटतं: बँडला फॉलो करू नका, ड्रमरला करा.

का ते सांगतो. गिटारवाले पुण्यात दगड मारला तरी लागतील. पण ड्रम सेट ठेवायला खोली लागते, आणि मुख्य म्हणजे पोलिसांना फोन न करणारे शेजारी लागतात. त्यामुळे वेळेवर येणारा, क्लिकवर, म्हणजे कानात टिकटिक ऐकत लयीत, नीट वाजवणारा ड्रमर दुर्मीळ, आणि तसा एक सापडला की चार बँड त्याला वाटून घेतात. बँड आपल्या पानावर आपलीच तारीख टाकतो. ड्रमरच्या इन्स्टाग्राम स्टोरीत चौघांच्या तारखा येतात. शहरातले तीन ड्रमर आणि एखादा बेसवाला धरलात की बहुतेक सगळं पदरात पडतं.

स्टोरी चोवीस तासांत उडते, म्हणून तुम्हाला नंतर फोटोच दिसतात. पोस्टर आधी का लावत नाहीत? कारण तारीख पक्की नसते. शुक्रवार-शनिवार कॅफेवाले डीजेला देतात, त्यात त्यांचा गल्ला जास्त. बँडच्या वाट्याला गुरुवार, फार तर रविवार. त्यातही कुणाची कंपनी पार्टी आली की बँडला फोन येतो, 'पुढच्या आठवड्यात करू ना.' दोनदा असं झालं की पोरं आदल्या दिवशी मालकाचा होकार आल्याशिवाय काही टाकत नाहीत.

आता तुमच्या एसटीचं. शो निवडताना बंद हॉल की उघडी जागा ते आधी बघा. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर चालत नाही, नियम २००० सालचा आहे. सरकार वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते दिवस कुठल्या सणांना जातात ते मी पुणेकरांना सांगायला नको. म्हणजे गच्चीवरचा शो दहाला संपणारच, म्हणून तो साडेसातला सुरू करावाच लागतो. बंद हॉलमध्ये ही टाच नाही, तिथं आठचे पावणेदहा आरामात होतात. तुम्ही त्यात सापडलात. (उशीर नेहमी बँडमुळे होतो असंही नाही. पण ते राहू दे, मला त्याच लोकांकडे काम करायचंय.)

तिकिटाचंही एक गणित आहे. शोचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, वर गेलं की १८ टक्के. म्हणून छोट्या शोला ३९९ आणि ४९९ हेच आकडे दिसतात. ७९९ म्हणजे एक तर मोठी जागा, नाही तर त्यात खाण्यापिण्याचे पैसे धरलेले. आणि दारावर तिकीट मिळतं का ते मेसेज करून विचारा. बहुतेकदा मिळतं, फी वाचते.

नवीन गाण्यांचं: जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवारी रिलीज करायची पद्धत पडली. आपले बँडही तेच करतात, त्यामुळे गुरुवारी रात्री बारानंतर फोन बघा. पण ॲपनं पुढं केलेलंच ऐकाल तर तेच ते दहा जण. एक आवडता छोटा बँड घ्या, गाण्याखालची नावं उघडा आणि मिक्सिंग कुणी केलंय ते बघा. मग त्या माणसानं अजून काय काय केलंय ते ऐका. तुम्ही कॅसेटच्या आतला कागद वाचायचात ना, तेच.

आणि गाणं खरंच आवडलं तर विकत घ्या. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षात १००० वेळा वाजलं नाही तर त्याचा पैसाच मिळत नाही. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर घेतलं तर डिजिटल गाण्यावर ते साधारण १५ टक्के ठेवतात, पेमेंटची फी वजा जाता बाकी बँडला जातं. २०२० च्या मार्चमध्ये कोविड आला तेव्हा त्यांनी काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटाही सोडायला सुरुवात केली.

मराठीबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. 'अभंग रिपोस्ट' ऐका, मनापासून करतात. पण त्यांच्यानंतर जो उठतो तो तुकोबांच्या शब्दांवर डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा खरखरीत फाटका आवाज, टाकतो. टाळ्या ठरलेल्या. तुकोबा चारशे वर्षं पुरलेत, अजूनही पुरतील, तुम्ही स्वतः काय लिहिलंत ते दाखवा ना. 'क्रेटेक्स' २०२४ मध्ये मराठी शब्द घेऊन थेट हाउस संगीतात, म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात, घुसला आणि स्पिनिन सारख्या डच लेबलवर गेला. माझ्या चवीचं नाही, पण हिंमत आहे. पुण्यातले 'ईझी वाँडरलिंग्ज' इंग्रजीत गातात, तरी ऐका. पावसाळ्यात, खिडकीशी.

स्वतःची मराठी गाणी कॅफेत गाणं सोपं नाही, काका. परवा एक मुलगी आजीच्या घरावरचं गाणं म्हणत होती. फक्त आवाज आणि एक गिटार. धृपदावर आली आणि काउंटरवर कुणी तरी कोल्ड कॉफीचा मिक्सर सुरू केला. घर्रर्र. मी फेडर (आवाजाची पट्टी) वर करून उपयोग नव्हता, माइकमध्ये मिक्सरच जास्त आला असता. तिनं थांबून मान वळवून बघितलं, कॉफी ग्लासात ओतली जाईपर्यंत तोच एक कॉर्ड वाजवत राहिली आणि मग धृपद पुन्हा पहिल्यापासून घेतलं. कोल्ड कॉफीवाल्या टेबलानं सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. तिची दोन गाणी निघालीत. तिला विचारून नाव निरोपात पाठवतो.

ऑक्टोपॅड:

लाइनचेकनं आमचं बिंग फोडलं. हो, मी चार बँडमध्ये आहे. शिवाय लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, कारण भाडं तिथून निघतं.

एक भर घालतो. भाद्रपदात शो शोधू नका. आम्ही निम्मे ढोल पथकात असतो, आणि नसलो तरी साउंड भाड्यानं मिळत नाही, सगळे स्पीकर मंडपात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हाच उघड्यावरचा हंगाम. मध्ये डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, त्या दिवसांत कुणी शहाणा माणूस पुण्यात तारीख धरत नाही, आमचेच कीबोर्डवाले तिथं सतरंजीवर सापडतात. पावसाळ्यात छोट्या नाट्यगृहांकडे लक्ष ठेवा. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या जागी माणसं गाणं ऐकायला येतात, जेवायला नाही. फरक स्टेजवरून कळतो.

कॅसेटवाला_सातारा:

लाइनचेक, ज्या गुरुवारच्या गच्चीचा निरोप पाठवलात तिथं जाऊन आलो. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, म्हटलं कार्यक्रम आहे. त्यांना बारसं वाटलं असावं.

तिकीट ३९९, दारावरच घेतलं. साडेसातचं सात पन्नासला सुरू झालं. माणसं साठेक असतील, माझ्या वयाचा मी आणि गायकाचे वडील. ते शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते, चौथ्या गाण्याला घडी सुटली. ड्रमरनं स्नेअरवर (मधल्या खणखणीत ड्रमवर) जुना टॉवेल टाकून ब्रशनं वाजवलं. आधी मला वाटलं शेजाऱ्यांच्या भीतीनं, पण पुढच्या गाण्याला टॉवेल काढला तेव्हा कळलं की तो आवाजच तसा हवा होता. मराठी गाणी सात होती. एक नीराकाठच्या मळीच्या वासावर होतं. असल्या विषयावर गाणं होऊ शकतं हे डोक्यातच आलं नव्हतं. वास मात्र ओळखीचा.

नऊ पंचावन्नला मालक घड्याळाकडे बोट दाखवत उभा राहिला आणि शेवटचं गाणं दोन कडवी कमी झालं. बंडगार्डनहून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला बदलून स्वारगेट. गाडी मिळाली, खिडकीसुद्धा.

ऑक्टोपॅड, तुम्हाला फॉलो केलंय. तुमच्या स्टोरीत काल दोन तारखा आणि एक 'ड्रम सेट ठेवायला खोली पाहिजे' होतं. साताऱ्यात आमच्या वाड्याची मागची खोली रिकामी आहे, पण तुम्हाला लांब पडेल.

आता नवी अडचण. शो झाल्यावर त्या पोरांना विचारलं, गाणी कशावर देता? तर म्हणाले, पुढच्या महिन्यात पन्नास कॅसेट काढतोय, गंमत म्हणून. मी तिथल्या तिथं एकीचे पैसे दिले. घरी येऊन डेक काढला तर मोटर फिरते, टेप हलत नाही. बेल्ट गेलाय. साताऱ्यात दोन दुकानांत विचारलं, दोघंही हसले. पुण्यात कुठं मिळेल?

लाइनचेक:

बुधवार पेठ, तपकीर गल्ली. जुना बेल्ट तुटलेला असला तरी बरोबर न्या, मापानं देतात. रविवारी जाऊ नका.