मदत हवी आहे : येडशीजवळ बार्शी लाइटचा जुना मार्ग कुठून जात होता?

नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी जुन्या गिरण्या, रेल्वेमार्ग शोधत फिरतो. सध्या बार्शी लाइट ही कुर्डुवाडी-लातूरची जुनी छोटी रेल्वे घेतलीय. इंग्रज अभियंता कॅल्थ्रॉपची, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी, 1897 पासूनची.

कुर्डुवाडी ते बार्शी फारसा प्रश्न नाही. अडलंय येडशीच्या पुढे. जुनी गाडी उस्मानाबादला (आताचं धाराशिव) जातच नव्हती, येडशीहून थेट लातूरकडे वळायची. ब्रॉडगेज (रुंद रूळ) करताना मार्ग धाराशिवकडे फिरवला, म्हणून येडशी ते कळंब रोड हा जुना तुकडा बाजूला पडला असावा.

उपग्रह नकाशा पाहिला. शेतांच्या बांधांना न जुमानता जाणारी बाभळींची एक रांग दिसते, पण तो जुना भराव की पाटाची कड, वरून कळत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नव्या नकाशात फक्त ब्रॉडगेज आहे. अमेरिकन लष्कराचा 1:2,50,000 चा जुना नकाशा मिळाला, पण त्यात एक मिलिमीटर म्हणजे अडीचशे मीटर. त्यावरून शेत काय सापडणार!

सोबत दोन ज्येष्ठ आहेत, त्यामुळे गाडीरस्त्यापासून फार लांब चालणं नको. उभ्या पिकात किंवा रेल्वेच्या हद्दीत शिरायचं नाही. रूळ निघालेत हे गृहीत धरलंय. दगडी मोऱ्या, मैलाचे दगड दिसले तरी पुरे.

येडशी, ढोकी भागातलं कुणी सांगेल का, जुना मार्ग नव्यापासून नेमका कुठे फुटतो आणि एखादी मोरी रस्त्यावरून दिसते का? एक इंची (एका इंचाला एक मैल) जुना नकाशा कुणाकडे आहे का?