पाव मिलिग्रॅमने आई दुपारपर्यंत शुद्धीवर येईना, भाऊ अर्धा घेऊन कामावर जातो. हे कसं?

दांडियाबाजारची_लेक

आधी चूक कबूल करते, म्हणजे पुढे सगळ्यांनी तीच सांगत बसायला नको. माझी गोळी मी आईला दिली.

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. अष्टमीची रात्र होती, गल्लीच्या तोंडाशी गरबा आणि कर्ण्याचं तोंड थेट आईच्या खिडकीकडे. आई ७६ वर्षांची, तिची झोप आधीच चिमणीची. गरबा थांबला तरी तिचा डोळा लागेना. दीड वाजता म्हणाली, "तुझ्याकडे ती बारकी गोळी असते ना, दे अर्धी."

मला चार वर्षांपूर्वी पॅनिकचे झटके यायचे. सूरसागरच्या कठड्याला स्कूटर लावून, हेल्मेट न काढता रडत बसलेली मी. तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेली क्लोनाझेपाम ०.५ घरात आहे. हल्ली क्वचितच लागते. घेतली तर छातीवरचा दगड कुणीतरी बाजूला सरकवल्यासारखं वाटतं, आणि सकाळी सहाला मी डब्याच्या पोळ्या लाटत असते. म्हणून निर्धास्तपणे मधल्या रेघेवर नख दाबलं आणि अर्धी आईला दिली. म्हणजे ०.२५.

सकाळी आठला चहाला हाक मारली तर नुसतं "हं". दहाला उठवलं तर मला मावशीच्या नावाने हाक मारली. न्हाणीघरात जाताना भिंत धरून चालली, तरी उंबऱ्यापाशी तोल गेलाच. मी मागे होते म्हणून कंबर वाचली. दुपारी तीनपर्यंत तशीच गुंगीत. संध्याकाळी विचारते, "काल गरबा कधी थांबला गं?" दसऱ्यालाही जीभ जडच होती.

आता भाऊ. वय ४८. अल्प्राझोलाम ०.५ रोज रात्री, म्हणजे आईच्या दुप्पट, आणि साडेनऊला मकरपुऱ्याच्या कारखान्यात हजर. वहिनीला एमआरआयच्या नळीची भीती वाटते म्हणून एकदा लोराझेपाम १ दिली होती, ती म्हणते काही कळलंच नाही. सगळ्या एकाच जातीच्या, बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या म्हणतात. मग पाव मिलिग्रॅममध्ये असं काय होतं?

आईला उद्या डॉक्टरांकडे नेतेच आहे. मला समजून घ्यायचंय.

काउंटरमागचा

ताई, रावपुऱ्यात बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे. तुमची गडबड आकड्यांत झाली. शेर आणि तोळा एकाच तागडीत घातलात. अल्प्राझोलाम ०.५, क्लोनाझेपाम ०.५, लोराझेपाम १ आणि जुनी डायझेपाम १०, ही सगळी ढोबळ मानाने एकाच जोराची धरतात. डायझेपामची १० बघून लोक दचकतात आणि ०.५ बघून "लहान मुलाची गोळी" म्हणतात. हे गणित डॉक्टरांनी औषध बदलताना वापरायचं असतं, घरी अदलाबदल करायला नाही. वहिनींनी घेतलेली १ आणि भाऊंची ०.५ साधारण बरोबरीच्याच.

आमच्याकडे रंगावरून मागणारे फार. "भाई, पेली पीळी गोळी आपो ने." पिवळी म्हणजे कुठली? एका कंपनीची पिवळी दुसऱ्या कंपनीची गुलाबी असते. परवा एक काका म्हणाले, माझी संपली असेल तर झोपेची दुसरी कुठलीही द्या. अहो, कांदे-बटाटे आहेत का? आणि पावतीवर डॉक्टरांचं नाव विचारलं की राग येतो. २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम वगैरे शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत. कोणी लिहून दिली, कोणाला किती दिली, वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षं सांभाळायची असते. मी हौस म्हणून लिहीत नाही.

बरं, खरा प्रश्न माझा आहे. आई बाकी काय काय घेतात? सगळ्या स्ट्रिपा आणून वाचा. बीपी, साखर, पोट, गुडघे, सगळं. कंपनीचं नाव नको, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते.

निवृत्त_फिजिशियन

मापाचं वर आलंच आहे, मी वेळेचं सांगतो. रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणाऱ्या वेळेला हाफ-लाइफ म्हणतात. अल्प्राझोलामचा साधारण ११ तास, लोराझेपामचा १२ च्या आसपास, क्लोनाझेपामचा ३० ते ४०. तुम्ही अष्टमीच्या रात्री दीडला गोळी दिलीत. दसऱ्याच्या सकाळी झेंडूची फुलं आणायला खंडेराव मार्केटला निघालात तेव्हाही त्यातलं निम्मं आईच्या अंगात होतं. तेही धडधाकट माणसाच्या हिशेबाने.

म्हाताऱ्या शरीराचा हिशेब निराळा. यकृत सावकाश काम करतं. स्नायू आणि पाणी घटतं, चरबीचं प्रमाण वाढतं, आणि डायझेपामसारखी औषधं चरबीत जाऊन दबा धरून बसतात, मग दिवसचे दिवस झिरपत राहतात. डायझेपामचं यकृतात जे रूपांतर होतं ते स्वतःच गुंगी आणणारं, आणि त्याचा हाफ-लाइफ १०० तासांपर्यंत जाऊ शकतो. लोराझेपाम या लांबच्या वाटेने जात नाही, एका टप्प्यात बांधली जाऊन लघवीवाटे निघते. म्हणून यकृत बिघडलेल्याला द्यायची वेळ आलीच तर आम्ही तिच्याकडे वळायचो. पण म्हणून ती म्हाताऱ्यांना सुरक्षित, असं कृपा करून वाचू नका. पडणं, खुब्याचं हाड मोडणं, भ्रम होणं, या कारणांनी ६५ च्या पुढे हा सगळा गटच शक्यतो टाळायच्या यादीत आहे. मेंदूच जास्त हळवा झालेला असतो, रक्तात पातळी तेवढीच असली तरी.

जात एक असली तरी कामं वाटलेली आहेत. फिट थांबत नसेल तर शिरेतून लोराझेपाम. दुर्बीण घालताना मिडाझोलाम, तिचा हाफ-लाइफ दोनेक तासांचा, आणि रोगी नंतर शपथेवर सांगतो की दुर्बीण घातलीच नाही. फेफऱ्याला रोजची क्लोबाझाम. दारू सोडवताना क्लोरडायझेपॉक्साइड, या घराण्यातलं थोरलं भावंड, १९६० मध्ये बाजारात आलं. गुजरातेत दारूबंदी आहे, तरी आमच्या वॉर्डात ते कधी पडून राहिलं नाही. असो.

तुमचे बंधू सिगारेट ओढतात का? ओढणाऱ्यांच्या रक्तात अल्प्राझोलामची पातळी पुष्कळ कमी भरते, कधी निम्म्यापर्यंत. उलट कुणी गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल चालू केलं तर तीच गोळी कितीतरी जड होते. ती जोडी चालतच नाही. शिवाय रोज घेणाऱ्याला गुंगीची सवय होते. गुंगी वाटत नाही, म्हणजे परिणाम नाही असं मात्र नव्हे. मकरपुऱ्याच्या रस्त्यावर समोर गाय आल्यावर ब्रेकवर पाय जायला किती वेळ लागला, हे त्यांना स्वतःला कळणार नाही.

मांजलपूरकर

मी त्या भावासारखाच. अल्प्राझोलाम आठ वर्षं, रात्री एक, "काही होत नाही" म्हणत. गेल्या वर्षी पंढरपूरला गेलो आणि स्ट्रिप घरी टेबलावर राहिली. म्हटलं बरंच झालं, विठोबाच्या दारी सुटेल. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी दर्शनाच्या रांगेत हात असे थरथरायला लागले की तुळशीची माळ हातात राहीना. घाम, धडधड, आणि शेजारच्या बाईच्या बांगड्यांचा आवाज कानात खिळा ठोकल्यासारखा. बायकोने फोन लावला. डॉक्टर म्हणाले नशीब फिट आली नाही, एकदम तोडायची नसते ही गोळी.

आल्यावर त्यांनी लांब टिकणाऱ्या गोळीवर नेलं आणि थोडं थोडं करत सात महिन्यांत उतरवलं. शेवटच्या कपरीला सगळ्यात जास्त त्रास झाला. ताई, हे वाचून भावाची स्ट्रिप कचऱ्यात टाकू नका. त्याला डॉक्टरांकडे पाठवा.

वारसिया_रिंगरोड

आमच्याकडे उलटंच घडलं. काकांना ऑपरेशननंतर शांत राहावेत म्हणून यातलंच काहीतरी दिलं, तर ते पलंगावर उभे राहून सलाइन उपटायला लागले. साधा देवभोळा माणूस, नर्सला शिव्या. दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. आम्हाला वाटलं भलतंच इंजेक्शन टोचलं.

निवृत्त_फिजिशियन

भलतंच असेलच असं नाही. काही थोड्यांना, जास्त करून म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना, ही औषधं शांत करण्याऐवजी पेटवतात. ऑपरेशननंतरचा भ्रमही असू शकतो, न पाहता सांगता येत नाही. काकांच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढच्या भूलतज्ज्ञाला दाखवायला.

दांडियाबाजारची_लेक

काउंटरमागच्या दादा, स्ट्रिपा काढल्या. आईचा डबा म्हणजे जुना बोर्नव्हिटाचा, त्यात सात प्रकार निघाले. बीपीची ठीक. थायरॉइडची ठीक. मग एक पोटाची. गेल्या उन्हाळ्यात जेवल्यावर मुरडा यायचा तेव्हा एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिली होती. आईला बरं वाटलं म्हणून ती कोपऱ्यावरून आणून अजून घेतच होती, दोन वेळा. आम्ही तिला "पोटाची" एवढंच म्हणतो.

बाबांचं टपाल-तिकिटांचं भिंग घेऊन वाचलं. डायसायक्लोमाइन, क्लिडिनियम, आणि पहिलंच नाव क्लोरडायझेपॉक्साइड ५. मी भिंग खाली ठेवलं आणि तुमच्या वरच्या उत्तरात ते नाव पुन्हा शोधलं, डॉक्टरसाहेब. दारू सोडवतात ते! आमच्या आईने आयुष्यात आसवसुद्धा घेतलेलं नाही.

काउंटरमागचा

मला तोच वास येत होता. रोजचा गिऱ्हाइकी अनुभव. तसंच एस्सिटालोप्राम-क्लोनाझेपामची जोडगोळी असते, लोक "टेन्शनची" म्हणून घेतात आणि झोपेसाठी वर क्लोनाझेपाम वेगळी मागतात. तुमची ०.२५ रिकाम्या घरात नव्हती शिरली, आत पाहुणा आधीच मुक्कामाला होता. आणि कोपऱ्यावरच्याने सहा महिने चिठ्ठी न बघता दिली, त्याबद्दल आमच्या जमातीतर्फे मान खाली.

निवृत्त_फिजिशियन

क्लोरडायझेपॉक्साइडही लांब टिकणारं, डायझेपामच्याच वाटेने जातं. दिवसाला १० मिलिग्रॅम, महिनोन् महिने. बाकीची दोन औषधंही या वयात डोकं गढूळ करतात, तोंड कोरडं पाडतात, लघवी अडवतात. मावशीच्या नावाने हाक मारली त्यात त्यांचाही हात असणार. उद्या डॉक्टरांपुढे तो बोर्नव्हिटाचा डबाच उपडा करा. ही गोळीही आज घाबरून एकदम बंद करू नका, किती दिवसांत कशी उतरवायची ते त्यांना ठरवू द्या. तोवर रात्री उठल्या तर कुणीतरी सोबत जा, न्हाणीघराचा दिवा चालू ठेवा.

दांडियाबाजारची_लेक

जाऊन आलो. महिन्याभरात उतरवायची ठरली, कागदावर तारखांसकट लिहून दिलंय, तो फ्रिजवर चिकटवला. भावाला फोन केला. सिगारेट "कधीतरी", म्हणजे दिवसाला आठ. शनिवारी जाणार म्हणतो. मी स्कूटर घेऊन त्याच्या दाराशी उभी राहणार आहे.

माझी स्ट्रिप आता माझ्या कपाटात, कुलपात. आई आत्ता विचारत होती, "त्या बारक्या गोळीत काय होतं गं, एवढी छान झोप लागली होती." काय सांगू तिला.

काउंटरमागचा

कुलपाची किल्ली कुठे ठेवता ते सांगू नका.