सीएचा अभ्यास तुम्ही नेमका कधी सुरू केलात?

माझी भाची यंदा बारावी कॉमर्सला आहे. सीए व्हायचं तिचं पक्कं आहे, पण आमच्या घरातलं कुणी या वाटेनं गेलेलं नाही. मे-जूनच्या फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, बसायचं तर १ जानेवारीपर्यंत नोंदणी हवी, आणि तेव्हाच बोर्डाची तयारी ऐन भरात असते. ताई म्हणते, आधी बोर्ड होऊ दे. भाची म्हणते, मग थेट सप्टेंबर उजाडेल. क्लासमध्ये विचारलं तर 'आजच प्रवेश घ्या' एवढंच उत्तर मिळालं. म्हणून इथं विचारते. रोज किती तास बसलात ते नको. सुरुवात कधी केलीत, मध्ये काय आडवं आलं, आणि पुन्हा करायचं झालं तर कुठल्या महिन्यात पुस्तक उघडाल, ते सांगा. इंटर आणि फायनल या पुढच्या परीक्षांवाल्यांनीही लिहा, पुढचंही कळायला हवं.

सांगलीहून, फाउंडेशन झालेली

ताई, आधी एक सांगा, भाचीनं बारावीला गणित घेतलंय की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)? मी एसपी घेतलं होतं आणि सगळं तिथंच अडलं. अकाउंट आणि इकॉनॉमिक्स बोर्डाच्या अभ्यासातून बरंचसं तयार होतं. पण गणित, रिझनिंग आणि स्टॅटिस्टिक्सचा शंभर मार्कांचा पेपर माझ्यासाठी दहावीनंतर थेट समोर आला. त्यात चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, त्यामुळे अंदाजानं गोल रंगवायची सोय नाही. बोर्ड संपल्यावर दोन महिने हातात होते, ते जवळपास सगळे गणितानं खाल्ले आणि लॉ शेवटच्या दहा दिवसांत कसाबसा वाचला. चारही पेपरांत चाळीस आणि एकूण चारशेपैकी दोनशे, ते दुसऱ्या खेपेला जमलं. आता सांगायचं तर दिवाळीच्या सुट्टीपासून रोज एक तास, फक्त गणित. बाकी काही उघडू नका. बोर्डाचे मार्क त्यानं कमी होत नाहीत.

पुण्यातून, इंटर

इंटरला नोंदणीनंतर आठ महिने अभ्यासाला मिळतात. ऐकायला भरपूर वाटतं. मी १ सप्टेंबरच्या आत नोंदणी केली, मे महिन्यात दोन्ही ग्रुप (तीन-तीन पेपरांचे) द्यायचे ठरवले आणि मार्चअखेरपर्यंत लेक्चरच बघत राहिलो. लेक्चर बघणं म्हणजेच अभ्यास, अशी माझी समजूत होती. वही भरत होती, पण पेन घेऊन अख्खा पेपर एकदाही सोडवला नव्हता. एप्रिलमध्ये सहा विषयांची रिव्हिजन सुरू केली तेव्हा ऑक्टोबरमध्ये केलेला विषय कोरा झालेला होता.

दुसरा ग्रुप गेलाच. पहिल्या ग्रुपमध्ये अकाउंटला ६२, लॉला ४२, टॅक्सला ४२. बेरीज १४६. ग्रुपला १५० लागतात. तिन्ही पेपरांत पास आणि ग्रुप नापास, हे आईला समजावून सांगताना माझाच आवाज फुटत नव्हता.

साठच्या वर असल्यामुळे अकाउंटला एक्झम्प्शन मिळालं, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा नाही, मार्क तेच धरतात; ते पुढच्या तीन अटेम्प्टपर्यंत टिकतं. म्हणजे लॉ आणि टॅक्स मिळून ८८ हवे होते. तेव्हा मी मागून मोजायला लागलो. शेवटचे पंचेचाळीस दिवस फक्त रिव्हिजन आणि सीए संस्थेचे मॉक टेस्ट (सराव) पेपर, हे आधी ठरवलं. मग उरलेल्या दिवसांत विषय बसवले. शिकून संपवायची तारीख परीक्षेच्या दीड महिना आधी येते, हे कुणी मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

नाशिकहून, फायनल, जुन्या योजनेत

आमच्या वेळी आर्टिकलशिप (सीएच्या हाताखाली काम करत शिकणं) तीन वर्षांची होती आणि नोव्हेंबरची परीक्षा. रजा साठवून ठेवली होती, १ जुलैपासून घेणार होते. पण ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची मुदत. "एवढं ऑडिट होऊ दे, मग जा" असं म्हणत मला ऑक्टोबरपर्यंत थांबवलं. हातात पाच आठवडे उरले. दिवाळीत घरात फराळ चालला होता आणि मी आतल्या खोलीत दार लावून रडत होते. तो अटेम्प्ट गेला. आता नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनलला बसता येतं, हे मला मनापासून आवडलं. ते सहा महिने पूर्ण तुमचे असतात. त्यांत नोकरी धरू नका.

फोंड्याहून

मी उलटी चूक केली. घाई म्हणून दीड वर्ष आधीच जीएसटी करून ठेवला, सुंदर नोट्स काढल्या. माझ्या मेच्या परीक्षेला आधीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या सुधारणा लागू होत्या. अर्ध्या नोट्स खोडाव्या लागल्या, आणि जुनं डोक्यातून काढणं नवं शिकण्यापेक्षा कठीण गेलं. लवकर सुरू करायचं तर कॉस्टिंग, एफएम (फायनान्शियल मॅनेजमेंट), अकाउंट करा. टॅक्स मागे ठेवा.

कोल्हापुरातून

बी.कॉम.ला ५५ टक्क्यांच्या वर होते म्हणून लग्नानंतर नऊ वर्षांनी थेट इंटरला नोंदणी केली. मुलगी दुसरीत. तारीख नव्हे, दिवस मोजले. सण, पाहुणे, मुलीची आजारपणं, शाळेची परीक्षा सगळं वजा केलं तर आठ महिन्यांतले खरे एकशेदहा दिवस निघाले. मग एकच ग्रुप भरला. सासूबाईंनी सकाळचा डबा स्वतःकडे घेतला, म्हणून चार ते सात मिळाले. निघाला ग्रुप.

दुबईहून

फायनलचा एकच ग्रुप राहिला होता, परीक्षा मे २०२४. रमजानमध्ये इथं सगळ्यांनाच कामाचे दोन तास कमी असतात. ११ मार्चपासून महिनाभर रोजचे ते दोन तास मी ऑडिटच्या पेपरला दिले. एरवी नोकरी करताना असा सलग वेळ मिळत नाही.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीच्या ताई, भाचीनंही एसपीच घेतलंय. काल ती आणि मी कॅलेंडर घेऊन बसलो. बोर्डाचे दिवस, प्रॅक्टिकल, दिवाळीचे चार दिवस आणि मामेभावाचं लग्न आधी खोडलं. नोंदणी डिसेंबरमध्येच करायची, गणित दिवाळीनंतर रोज एक तास, लॉ बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून. माझी ताई कबूल झाली, पण पूर्वपरीक्षेच्या पंधरा दिवसांत गणितही बंद, ही तिची अट आहे. ती आम्ही मान्य केलीय. पुण्याच्या दादांचे ते पंचेचाळीस दिवस मात्र आमच्या कॅलेंडरात बसत नाहीत, तीस बसतात. फाउंडेशनचे चार पेपर तीस दिवसांत रिव्हाइज केलेलं कुणी असेल तर कुठल्या क्रमानं केलेत, ते लिहाल का?