‘मुक्त’, ‘खुली’ की ‘सार्वजनिक’?

विचारणा (गंगापूर रोड): बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी मानवी जीनोम प्रकल्पावर (माणसाच्या डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचण्याचे काम, १९९० ते २००३) टिपण लिहीत आहे. १९९६ साली बर्म्युडात झालेल्या बैठकीत असे ठरले की, वाचलेले तुकडे जोडून डीएनएची एक हजार अक्षरांहून लांब जुळणी हाती आली की ती शक्यतो चोवीस तासांत सर्वांसमोर ठेवायची. या कृतीला ‘माहिती मुक्त केली’ म्हणावे की ‘खुली केली’? मी आधी ‘मोफत दिली’ असे लिहिले होते, ते धाकट्या बहिणीने लाल शाईने खोडले.

उत्तर (सिडको): बहिणीचे बरोबर आहे. मुक्त विद्यापीठ आपल्या नाशकातच असल्यामुळे ‘मुक्त’ म्हणजे ‘मोफत’ नव्हे, हे इथे शुल्काची पावती फाडलेल्या कोणालाही ठाऊक असते. शिवाय ‘कर्जमुक्त’, ‘बंधमुक्त’ यांत आधीच्या अडकणुकीतून सुटल्याचा भाव आहे. बर्म्युडानंतरची माहिती मुळात कोंडलेलीच नव्हती, म्हणून मी ‘खुली’ लिहीन.

उत्तर (निफाड): अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, जपान आणि चीन अशा सहा देशांतील केंद्रांनी मिळून केलेल्या कामाला ‘सामाईक’ हा आपला घरचा शब्द का नको?

उत्तर (पंचवटी): कामाला तो शोभतो, माहितीला नाही. सामाईक विहिरीच्या पाण्याला पाळी असते, हिस्सेदारांची नावे सातबाऱ्यावर असतात आणि नाव नसलेल्याने मोटार टाकली की भांडण ठरलेले. उलट, अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेने ७ जुलै २००० रोजी जीनोमचा जुळवलेला मसुदा महाजालावर ठेवला, तो कोणीही उतरवून घेऊ शकत होता. इतकेच काय, प्रकल्पाशी शर्यत लावलेल्या सेलेरा कंपनीनेही प्रकल्पाची माहिती आपल्या जुळणीत वापरली. हिस्सा न विचारता मिळते ते ‘सार्वजनिक’.

उत्तर (सिडको): मान्य, पण पुढच्या प्रकल्पांना तोच शब्द सरसकट लावू नये. २००२ मध्ये सुरू झालेल्या हॅपमॅप प्रकल्पाची (माणसामाणसांतील जनुकीय फरकांचा नकाशा) काही माहिती घेताना, इतरांची वाट अडेल असे पेटंट घेणार नाही, ही अट आधी मान्य करावी लागे. ती डिसेंबर २००४ मध्ये काढली गेली. तोवरच्या माहितीला ‘सशर्त खुली’ म्हणणेच प्रामाणिक.

विचारणारा: आभारी आहे. वाक्य आता असे केले आहे: ‘सहा देशांच्या सामाईक कामातून निघालेली माहिती दिवसाच्या आत सार्वजनिक होत असे.’ ‘शक्यतो’ मात्र राहून गेले होते; तेही बहिणीनेच लाल शाईने भरले.