ग्रुप हातचा गेला, परत कसा घेऊ? अर्जंट

पऱ्हाटीवाला (ता. दारव्हा), २६ मार्च २०२१
राम राम मंडळी. कापूस-तुरीच्या भावाचा ग्रुप आहे आमचा, २३१ जण. नव्या प्रायव्हसी पॉलिसीच्या विरोधात सगळ्यायनं ॲप सोडाचं ठरलं अन् इस्कोट झाला. ग्रुप परत पायजे. काय दाबाचं तेवढं सांगा, भाषण नका देऊ. परवा होळी आहे, त्याच्या आत पायजे.

संत्रावाली
कोणतं ॲप? ग्रुप डिलीट झाला का फोन बदलला?

पऱ्हाटीवाला
व्हॉट्सॲपच, अजून कोणतं. फोन तोच.

वर्धेकर
पॉलिसी वाचली का कोणी? आपसातलं बोलणं आधीही एन्क्रिप्टेड (मधल्या कोणाला वाचता येत नाही असं) होतं, आताही आहे. बदल धंदेवाल्या खात्यांशी होणाऱ्या चॅटचा आहे. ८ फेब्रुवारीची मुदतही १५ मेवर नेली. उगाच पळापळ.

शकुंतलेचा_डबा
मंग आपला नंबर, फोनची माहिती फेसबुकले जाते ते काय धरम म्हणून? सिग्नल ॲपवर या. जानेवारीत इतके लोक आले का एक दिवस सिग्नलच बसलं होतं.

वर्धेकर
बसणारं ॲप काय कामाचं! टेलिग्राम घ्या, ग्रुपमध्ये २ लाख लोक मावतात.

शकुंतलेचा_डबा
टेलिग्रामचा ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतेच. विरोध कायचा मंग?

संत्रावाली
तुमचं चालू द्या. दादा, तुम्ही स्वतःच ग्रुपमधून निघाले का?

पऱ्हाटीवाला
हाओ. पुतण्या म्हणे, काका, तुमी ॲडमिन, तुमी पयले निघा, लोकं मागून येतील. सत्तरेक आले सिग्नलवर. बाकीच्याइपाशी बटनाचा जिओफोन. त्यात व्हॉट्सॲप चालते, सिग्नल येतच नाई. हे त्या दीडशहाण्याले मालूमच नव्हतं. आता रोज पानठेल्याच्या पाटीवर खडूनं भाव लिहितो, अन् बुढे येऊन इचारतात, हा कालचा का आजचा?

मिरगाचा_पाऊस
परवाच सीसीआयनं या पॉलिसीच्या चौकशीचा आदेश काढला. थांबा थोडे.

फरदड_नको
सीसीआयचं नाव काढू नका. माझी गाडी ग्रेडरनं वापस केली. ५८२५ हमीभाव कागदावरच पाहिला.

मिरगाचा_पाऊस
भाऊ, हा सीसीआय वेगळा. स्पर्धा आयोग. कापूसवाला नाही.

फरदड_नको
मग तो कापूस घेत नाही का?

संत्रावाली
दादा, तुम्ही एकटेच ॲडमिन होते ना? मग ॲपनं आपल्या मनानं दुसऱ्याला केलं असंल. तुम्हाला आत घेणं आता त्याच्या हाती.

पऱ्हाटीवाला
तेच तं! कृषी केंद्रवाला झाला ना बाप्पा. बियाण्याच्या जाहिराती टाकते म्हणून मागं भर ग्रुपात झापलं होतं त्याले. आता दिवसभर तेच टाकून राहिला. त्याच्या पाया पडाले सांगू नका.

वर्धेकर
फोन रिसेट मारून पाहा.

संत्रावाली
रिसेट अजिबात मारू नका! एखाद्या बुढ्याच्या फोनवर ग्रुपची माहिती उघडा, नंबर वहीत उतरवा, नवा ग्रुप काढा. २५६ पर्यंत मावतात. अन् यंदा ॲडमिन दोन ठेवा.

पऱ्हाटीवाला
हे जमते. पॉलिसीवर ओके मी अजून दाबलं नाई, ते मेमधी पाहू. वही घेऊन पुतण्यालेच बसवलं. चौदा नंबर झाले.

फरदड_नको
आजचा भाव काय लिहिला पाटीवर?